कुठं जायचं, ते आधी सांगा

उस्तादांच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आलेला धडधाकट माणूस हमखास गुडघा आपटून घ्यायचा. काउंटर गुडघ्याएवढं, आणि तेही अगदी दारात. त्यातून सावरून तो आत आला, की घड्याळ बघायला मान वर करायचा आणि ते त्याला कमरेखाली सापडायचं. पान्हे, कॅलेंडर, आरसा, पाण्याचा माठ, लाइटची बटणं, सगळं बसल्या माणसाच्या हाताला येईल असं. देवाची तसबीरसुद्धा तिथंच. एकदा कुणीतरी म्हणालं, देव तरी वर ठेवा. उस्ताद म्हणाले, देवासमोर वाकायचंच असतं की, मग अडचण काय हाय?

हे गॅरेज लातूरला नांदेड रस्त्यावर, टायरच्या दुकानांच्या ओळीत आहे. उस्तादांचे दोन्ही पाय काटकीसारखे बारीक. चार बेरिंगवर बसवलेल्या फळीवर ते मांडी घालून बसायचे आणि हातातल्या लाकडी ठोकळ्यांनी जमीन रेटत गॅरेजभर फिरायचे. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. ऑइलच्या कामात पांढरा शर्ट कशाला, असं त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, जन्मभर वाटत आलंय; कारण तो धुवायचा त्यांनाच.

धंदा एकच. पायानं अधू असलेल्या माणसाला चालवता यावी म्हणून स्कूटरला मागं दोन जादा चाकं बसवायची. साईड व्हील. मराठवाड्यात हे काम करणारे आता बरेच आहेत, पण तेव्हा देगलूर, उदगीर, देवणीपासून लोक उस्तादांकडे यायचे. वेल्डिंगला देगलूरकडचा एक माणूस होता. तो जन्मापासून बहिरा आणि मुका, बायकोपोरांचा. त्याचं आणि उस्तादांचं दिवसभर हातवाऱ्यांनी भांडण चालायचं. बघणाऱ्याला वाटायचं आता हाणामारी होणार, आणि तेवढ्यात दोघं खदाखदा हसायचे.

पायाला काय झालं, असं उस्तादांना कुणी विचारलं की ते दरवेळी नवी हकिकत सांगायचे. एकाला सांगितलं, देवणी जातीच्या वळूनं तुडवलं. दुसऱ्याला, कुस्तीच्या फडात पेच उलटा पडला. किल्लारीकडच्या एका म्हाताऱ्याला सांगितलं, भूकंपात माळवद अंगावर आलं. तो म्हातारा रडायला लागला, तेव्हा मात्र उस्ताद ओशाळले आणि त्याला भजी खाऊ घातली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तुझ्या पायाला जे झालं तेच, पण इतक्यांदा सांगून कंटाळा आला.

एकदा गंजगोलाईच्या बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानाबाहेर ते फळीवर बसून वाट बघत होते. एका सभ्य गृहस्थानं जाता जाता त्यांच्यापुढं नाणं टाकलं. उस्तादांनी नाणं उचललं, त्या माणसाला हाक मारून थांबवलं, खिशातून नटाखाली घालायचा एक वायसर काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. म्हणाले, पैसे दिलेत तर माल घेऊन जावा. तो गृहस्थ वायसर घेऊन चालता झाला. तेव्हापासून उस्ताद गावात जाताना खिशात चार वायसर ठेवू लागले.

मी त्यांच्याकडे गेले ती माझ्या वडिलांबरोबर. आमचं गाव निलंग्याजवळ, कर्नाटकाच्या शिवेवर. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. मला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय पूर्ण गेला, डावा निम्मा राहिला. कुबड्यांवर चालते. बाहेरून परीक्षा देऊन बी.कॉम. झाले आणि घरात बसले. घरात मला कुणी कधी एका शब्दानं दुखावलं नाही. ताट हातात यायचं, पाणी हातात यायचं. भाऊ-वहिनी जपायचे. अपंगांचं सरकारी अनुदान यायचं, ते अण्णांच्या खात्यात जायचं. माझं बरं चाललं होतं, असं सगळेच म्हणायचे आणि मीही म्हणायची.

सोयाबीनला चांगला भाव आला त्या वर्षी अण्णांनी एक जुनी स्कूटर घेतली आणि टेम्पोत घालून मला लातूरला नेलं. उस्तादांनी गाडीभोवती फळीवरून एक फेरी मारली, चाकं दाबून बघितली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कुठं जायचं हाय, अक्का?"

मला प्रश्नच कळला नाही. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, ती कुठं जाणार, घरीच असते. आपलं मारुतीच्या देवळापर्यंत, मळ्यापर्यंत, तेवढाच तिचा जीव रमेल.

उस्तादांनी मान हलवली. म्हणाले, गाडी ठेवून जावा, पण चाकं आत्ता बसवत नाही. हिनं कामाचं ठिकाण सांगावं, मग बसवतो. जिला कुठं जायचंच नाही तिची गाडी गोठ्यात उभी राहते आणि कोंबड्या तिच्यावर झोपतात. तसल्या गाड्या मी लई बघितल्यात.

अण्णा तसे शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. पैसे मोजतो, काम करा, असं ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हिला काम करायची गरजच काय? आम्ही हाव की सांभाळायला."

उस्तादांनी हातातले ठोकळे खाली ठेवले. "तुम्ही हाव, दिसतंय की," ते म्हणाले. "पण कायमचे हाव का?"

ते टोचून बोलले नव्हते. एखाद्याला गाडी किती जुनी आहे विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं. काकूंनी चहा आणला तो अण्णांनी वाकून घेतला, उकिडवं बसून प्यायला, आणि आम्ही गाडी तिथंच सोडून जीपनं परत आलो. वाटेत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मी इतकी चिडले होते की मला रडूही येत नव्हतं. तो कोण लागून गेला मला विचारणारा! पण घरी पोचल्यावर ताट हातात आलं आणि पहिल्यांदाच मला ते घ्यायची लाज वाटली.

मग मी काम शोधायला लागले. भाऊ मला मोटारसायकलवर निलंग्याला न्यायचा. एका क्लासवाल्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, कळवतो म्हणाला. एका दवाखान्यात जिना होता. शेवटी बसस्टँडजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात, म्हणजे बी-बियाणं, खतं, औषधांच्या दुकानात, कॉम्प्युटरवर बिलं करायला माणूस हवा होता. दुकानाचे मालक, त्यांना सगळे शेठ म्हणायचे, भले माणूस. त्यांनी माझ्याकडून एक बिल करून घेतलं, ठीक आहे म्हणाले. मग त्यांची नजर कुबड्यांवर गेली. रोज गावाहून येणार कशा, पेरणीच्या दिवसांत एक दिवस खाडा चालत नाही, तेवढी गाडीची सोय करा आणि मग या, असं म्हणाले.

झालं. इकडे काम मिळाल्याशिवाय गाडी नाही, तिकडे गाडी मिळाल्याशिवाय काम नाही. मी उस्तादांना फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुमची एक अट, त्यांची एक अट, आणि मध्ये मी लोंबकळून राहिले आहे. तुम्हाला चाकं बसवायची नसतील तर माझी गाडी परत द्या, मी दुसरीकडून बसवून घेते. बोलून झाल्यावर मला धाप लागली होती. उस्ताद पलीकडून शांतपणे म्हणाले की आवाज बरा हाय, दुकानात चालंल. आणि शेठच्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

दोन-चार दिवसांनी शेठनं बोलावल्याचा निरोप आला. मी भावाबरोबर पोचले तर दुकानासमोर माझी स्कूटर उभी. धुतलेली, मागं दोन नवी चाकं, आणि तिच्यावर पांढऱ्या शर्टात उस्ताद. लातूरहून निलंग्यापर्यंत ते स्वतः ती चालवत आले होते. वेल्डर त्यांची फळी घेऊन मागच्या एसटीनं यायचा होता. शेठ दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि हे काय प्रकरण आहे असा त्यांचा चेहरा होता.

उस्तादांनी गाडीवरूनच त्यांना नमस्कार केला. "ही ह्या अक्काची गाडी. उद्यापासून इथंच उभी राहणार," ते म्हणाले. "उन्हाळ्यात सावली कोणत्या बाजूला असते, शेठ?"

"लिंबाखाली," शेठ म्हणाले. त्यांनी हातसुद्धा केला तिकडे. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हो म्हणून बसलो. ते आधी गोंधळले, मग हसले. पायरीशेजारी उतार करायला हवा, असंही तेच म्हणाले, आणि पेरणीच्या आधी तो त्यांनी करून घेतला.

गॅरेजमधून चाकं लागून गाडी निघाली की उस्ताद तिला "जा, नांद" म्हणायचे, लेक सासरी पाठवल्यासारखं. माझ्या गाडीला त्यांनी हे निलंग्याच्या बसस्टँडजवळ, भर गर्दीत म्हटलं. मला लाजल्यासारखं झालं. तरी मी हँडल धरलं आणि लिंबापर्यंत गेले आणि आले. भाऊ बाजूनं धावत होता. परत येताना मी त्याला मागं टाकलं.

काम जमलं. शेतकरी सुरुवातीला माझ्याशी न बोलता माझ्या डोक्यावरून शेठशी बोलायचे. बिल चुकत नाही आणि उधारीला मी शेठपेक्षा कडक आहे हे कळल्यावर बोलायला लागले. पहिला पगार झाला तेव्हा अण्णा तालुक्याला आले होते. शेठनं सवयीनं पैसे त्यांच्या हातात दिले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढं गाडीचे नट आवळून घ्यायला मी लातूरला गेले तेव्हा उस्तादांनी सहज विचारलं की पगार कुठं ठेवतेस. मी म्हटलं, अण्णांकडे आहे, सुरक्षित आहे.

"सुरक्षित हाय, खरं," ते म्हणाले. "पण तुझा न्हाई."

आणि पान्हा बाजूला ठेवला. तुझ्या नावाचं पासबुक दाखव, मग नट आवळतो, म्हणाले. मी भांडले, काकूंनी माझी बाजू घेतली, वेल्डरनं हातवारे करून उस्तादांना वेडा ठरवलं. काही उपयोग झाला नाही. मी ढिल्या चाकांनी, हळूहळू, निलंग्याला परत आले.

अण्णांना हे कसं सांगावं याचा मी आठवडाभर विचार केला. माझ्यावर विश्वास नाही का, असं त्यांना वाटलं तर काय करायचं. शेवटी चाकं ढिली का, असं त्यांनीच विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून तयार झाले आणि मला बँकेत घेऊन गेले. माझ्या खात्याचा कागद भरून होईपर्यंत ते बाकावर टोपी हातात धरून बसले होते, परक्याच्या दारात बसल्यासारखे. अनुदानही तिकडेच वळवा, हे मात्र त्यांनी आपणहून साहेबांना सांगितलं. येताना त्यांनी जिलेबी घेतली. मला वाटलं घरच्यांसाठी. पण ती आम्ही दोघांनीच, लिंबाखाली, गाडीवर बसून संपवली.

उस्ताद असे जगाच्या खात्यांची चौकशी करत होते, आणि स्वतःचा कारभार मात्र काकूंच्या डाळीच्या डब्यात. विमा नाही, काही नाही. जन्मभर फळी रेटून त्यांचा उजवा खांदा गेला. एका सकाळी ठोकळा उचलेना. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि सांगितलं की आता फळी बंद, चाकांची खुर्ची वापरा. मी भेटायला गेले तर उस्ताद खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. नव्या शर्टाची घडीही मोडलेली नव्हती. त्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं. गॅरेज बंद पडणार, ह्यांचं काय होणार, असं ते वेल्डरकडे बोट करून म्हणाले. स्वतःचं काय होणार हे बोलले नाहीत, पण तेच त्यांना खात होतं.

वेल्डरला ऐकू येत नव्हतं, पण त्यानं ते बोट बघितलं होतं. त्यानं काय केलं ते काकूंनी मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो नेहमीच्या वेळी आला, शटर उघडलं आणि काम सुरू केलं. गिऱ्हाइकांशी बोलायला कुणी नव्हतं म्हणून उस्तादांकडून चाकं बसवून घेतलेली औशाची एक बाई, जी घरी शिलाई करायची, ती मशीन घेऊन काउंटरवर येऊन बसली. ती बोलायची, तो जोडायचा. उस्ताद घरून फोनवर दोघांना शिव्या द्यायचे, त्यातल्या निम्म्या त्याच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. काही महिन्यांनी उस्ताद बरे झाले तेव्हा गॅरेज आधीपेक्षा जास्त चालत होतं. त्यांनी वेल्डरला भागीदार करून घेतलं, दोघांचे विमे उतरवले, आणि पाटीवर दुसरं नाव रंगवून घेतलं. रंगारी वर चढला असताना वेल्डर खालून त्याला आपल्या नावातली वेलांटी दाखवत होता.

घोटाळा झाला तो खुर्चीचा. उस्ताद खुर्चीत बसून पहिल्यांदा गॅरेजमध्ये आले आणि सगळं त्यांच्या हाताखाली गेलं. घड्याळ गुडघ्यापाशी, पान्हे पायापाशी, आणि काउंटरला खुर्चीची चाकं धडकली. ते पुष्कळ वेळ इकडेतिकडे बघत राहिले. मग म्हणाले की हे कुणी बांधलं, काय अक्कल न्हाई का माणसाला. काकू इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. वाकून वाकून त्यांची कंबर गेली होती. सगळं वर सरकवायचं म्हटल्यावर खिळे-हातोडी त्यांनीच आणली.

पुढं शेठच्या दुकानात बरीच वर्षं काढल्यावर मला स्वतःचं दुकान काढावंसं वाटलं. मोठं नाही, फक्त बियाणं, त्यातही भाजीपाल्याचं जास्त. शेठनं नाराज न होता परवान्याची माहिती दिली. कर्जासाठी दुसऱ्या बँकेत जायचं होतं, आणि त्या बँकेची शाखा पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्याची. मी एकदा बसत-बसत पायऱ्या चढून गेले, तर साहेब म्हणाले अजून दोन कागद आणा. हे उस्तादांना सांगितलं तर ते कागदांबद्दल काहीच बोलले नाहीत. चढलीसच कशाला, एवढंच म्हणाले.

पुढच्या खेपेला ते स्वतःच्या स्कूटरवर लातूरहून आले. त्यांची गाडी आणि माझी गाडी आम्ही जिन्याशी लावली आणि बाजूच्या टपरीवरून चहा मागवला. वर जाणाऱ्या प्रत्येकाला उस्ताद हसून सांगायचे, साहेबांना म्हणावं, दोघं खाली बसलेत. लोक मोठे कामसू असतात निरोपाच्या बाबतीत. गॅस एजन्सीवाला, शाळेचे गुरुजी, पेन्शनवाल्या आजी, प्रत्येकानं वर जाऊन निरोप दिला. आजींनी तर साहेबांना, पोरगी उन्हात बसलीय, असं दटावलं म्हणे. आम्ही खरं तर सावलीत होतो. दुपारच्या आत साहेब खाली आले. तरुण होते, विदर्भाकडचे, घामाघूम झालेले. रागावतील असं मला वाटलं. ते टपरीवरच्या क्रेटवर बसले आणि म्हणाले की मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. माझ्या कर्जाच्या सह्या माझ्या स्कूटरच्या सीटवर झाल्या. नंतर ती शाखा तळमजल्यावर आली. भाडेकरार संपला म्हणून आली, हे मला माहीत आहे. पण उस्ताद अजून ते श्रेय सोडत नाहीत.

दुकान सुरू झालं त्या दिवशी ते काकूंना मागं बसवून आले. दुकान मी असं करून घेतलंय की गाडी सरळ काउंटरपर्यंत येते. त्यांनी गाडीवर बसूनच भेंडीचं एक पाकीट मागितलं. शेत नाही, वावर नाही. गॅरेजमागं जुने टायर आहेत, त्यात लावतो म्हणाले. मला वाटलं, बोहनी म्हणून घेताहेत, कौतुकानं. मी पैसे नको म्हटलं तर चिडले, म्हणून घेतले.

आणि गेल्या पावसाळ्यात एके दिवशी, दुकानात चांगली गर्दी असताना, ते येऊन थडकले. हातात भेंडीचं रिकामं पाकीट. दुकान सुरू झालं तेव्हाचं जुनं बी त्यांनी आत्ता लावलं असावं असा मला संशय आला. तर नाही, मधल्या काळात काकू दुसरं पाकीट घेऊन गेल्या होत्या. उस्तादांचा चेहरा रागानं लाल. ते पाकीट काउंटरवर ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझं बी उगवलं न्हाई."

अण्णा हल्ली दुपारी दुकानात येऊन बसतात. ते खुर्चीतून उठायला लागले. मी त्यांना हातानं थांबवलं. उस्ताद मस्करी करत नव्हते. खरोखर चिडलेलं गिऱ्हाईक होतं ते, आणि मी पाकिटाची तारीख बघितली, त्याच लॉटचं बी नेलेल्या दोघा शेतकऱ्यांना तिथंच विचारलं. दोघांचं उगवलं होतं. मग मी उस्तादांना बी किती खोल घातलं ते विचारलं. त्यांनी कोपरापर्यंत हात दाखवला. मुळं पक्की धरावीत म्हणून, म्हणाले.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी हसले नाही.

"बी चांगलं होतं, उस्ताद. तुम्ही गाडलंत ते," मी म्हटलं. "बोटाच्या एका पेरापुरतं खाली घाला. नवीन पाकीट हवं असेल तर पैसे पडतील."

त्यांनी बरीच हुज्जत घातली. ओळखीचं म्हणून, जुनं गिऱ्हाईक म्हणून, इतक्या लांबून आलो म्हणून. मी ऐकून घेतलं आणि जागची हलले नाही. शेवटी त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या खिशातून पैसे काढले, पाकीट घेतलं, सुटे नीट बघून घेतले आणि गाडी मागं वळवली. दारातून बाहेर पडताना त्यांचा आवाज आत ऐकू आला. मागं बसलेल्या काकूंना ते तक्रारीच्या सुरात सांगत होते, की लई कडक बाई हाय, जरासुद्धा सोडत न्हाई.

मी पुढच्या माणसाला म्हटलं, "बोला मामा, काय देऊ?"